शुक्रवारचा फोन

मागच्या खेपेला तुम्ही दोघं नांदेडला आलात तेव्हा धाकट्याने जेवताना विचारलं होतं, "मामा उभा राहूनच का जेवतो?" तुमचा मामा स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून, ताट हातात घेऊन जेवत होता. त्याने तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "मी घोडा हाय. घोडा कधी बसून खातो का?" मग तो खिंकाळला, तुम्ही दोघं खिंकाळलात, आणि प्रश्न तिथेच राहिला. थोरलीने मात्र माझ्याकडे पाहिलं होतं. तिचं समाधान झालेलं नाही हे मला दिसलं. पण तेव्हा सांगायला मामाची परवानगी नव्हती. आता आहे, म्हणून तुमची ही आजी लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल. जिथे अडेल तिथे तिला थांबवा आणि विचारा.

तुमचा मामा आमचं शेंडेफळ. लातूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकला आणि तिथल्याच एका कारखान्यात जनरेटर सांभाळायला लागला. त्याचं जनरेटरवर फार प्रेम. रस्त्याने चालताना एखाद्या दुकानापुढे जनरेटर धडधडत असला की हा थांबायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि दुकानदाराला सांगायचा, "काका, एका बाजूनं ओढून राहिलाय. दाखवून घ्या." दुकानदार चिडायचे. त्याची बायको, म्हणजे तुमची मामी, म्हणायची, "माझं बोलणं इतकं कान देऊन कधी ऐकलं न्हाई."

मग हैदराबादच्या एका एजंटाकडून त्याला परदेशातलं काम आलं. अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याचा एक तळ होता, तिथे वीज पुरवायचं काम एका कंपनीकडे होतं. सैन्य लढायला जातं, पण सैन्यालाही दिवा लागतो, गरम पाणी लागतं, धुतलेले कपडे लागतात. ही सगळी कामं करायला कंपन्या गरीब देशांतून माणसं नेतात. ती माणसं शिपाई नसतात. त्यांच्या हातात बंदूक नसते, पाना-पक्कड असते. पण वरून पडणारं रॉकेट हातात काय आहे ते पाहून पडत नाही.

तुमच्या आजोबांनी विचारलं होतं, "युद्धावर चाललास का?"

"युद्धावर न्हाई बाबा. जनरेटरवर."

आजोबांनी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. ते उठून त्याच्या बॅगेची चेन नीट लागते का ते बघत बसले.

मी त्याला येसर बांधून दिला होता. डाळी आणि गरम मसाला भाजून दळलेलं ते पीठ तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईच्या डब्यातही असतं, कारण तेही मीच पाठवते. उकळत्या पाण्यात टाकलं की आमटी होते. "आई, तिथं मेसमध्ये सगळं मिळतं," तो म्हणाला. तरी कपड्यांच्या मधोमध दोन पुड्या ठेवून घेतल्या. स्टेशनवर त्याने मला वाकून नमस्कार केला तेव्हा त्याच्या शर्टाला येसराचा वास येत होता. गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्मवर बराच वेळ मला तो वास येत राहिला. आजोबा म्हणाले, "चला मॅडम, पुढची गाडी अमृतसरची हाय, तिच्यात आपलं कुणी न्हाई."

आता आमच्या घरातला एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या सासूबाई लोह्याजवळच्या खेड्यात राहायच्या. अक्षरओळख नव्हती. आजोबांची बदली देगलूरच्या डेपोत झाली तेव्हा त्या मला समोर बसवून पत्र सांगायच्या. एकदा तापाने फणफणल्या होत्या, गोधडी पांघरून बसल्या होत्या, आणि मला म्हणाल्या, "लिही, इकडं सर्व खुशाल हाय." मी लिहिता लिहिता थांबले. तर म्हणाल्या, "दूरच्या माणसाला दुखणं सांगू न्हाई, बाई. त्याला येता येत न्हाई, अन् मग जेवणही जात न्हाई."

मला ते पटलं होतं. अजूनही अर्धं पटतं. आमच्या घरात सगळे असेच वाढले. तुमची आई बाळंतपणात किती आजारी होती हे मला थोरली चालायला लागल्यावर कळलं.

मामाला तिकडे शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून फोन शुक्रवारी. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त एक तास मागे. भिंतीवरच्या घड्याळातून एक तास वजा केला की मुलगा सापडायचा. आता हा उठला असेल, आता चहा घेत असेल, आता जनरेटरच्या यार्डात गेला असेल. तुम्ही तिकडे समुद्रापलीकडे, तुमच्यासाठी मला अख्खा दिवस उलटा करावा लागतो. मी भाकरी थापत असते तेव्हा तुम्ही झोपलेले असता, आणि झोपलेल्या माणसाची आठवण काढण्यात एक प्रकारची चोरी वाटते. मामाचं तसं नव्हतं. तो जागा असताना मला त्याची आठवण काढता यायची.

फोनवर मी विचारायचे, "कसा आहेस?" तो म्हणायचा, "मजेत." तो विचारायचा, "तू कशी आहेस?" मी म्हणायचे, "मजेत." मग आजोबा फोन घ्यायचे आणि तिथे पाऊस आहे का ते विचारायचे, नसायचाच. मामी शेवटी फोन घेऊन गच्चीवर जायची. ती तेव्हा आमच्याकडेच होती. खाली येताना तिचे डोळे लाल असले तरी मी विचारायचे नाही आणि ती सांगायची नाही.

असे किती शुक्रवार गेले. त्यातला एक मला फार लख्ख आठवतो. त्या दिवशी त्याने फोन ठेवूच दिला नाही. "लिंबोणीला लिंबं आली का?" मी म्हटलं, आली, बारकी आहेत. "किती बारकी?" मी म्हटलं, बोराएवढी. "विहाराला रंग दिला का?" दिला. "कोणता?" पिवळसर, आतून पांढरा. "शेजारची मांजर येती का अजून?" मी एक सांगितलं की तो म्हणायचा, "अजून सांग." मी नळाचं सांगितलं, अर्धापूरच्या मावशीने केळीचा घड पाठवला होता तो सांगितला, त्यातली केळी एकदम पिकली आणि मी गल्लीभर वाटत फिरले तेही सांगितलं. तो हसला. "अजून सांग." मी इतकं बोलले की घसा कोरडा पडला. फोन ठेवल्यावर मी आजोबांना म्हटलं, "आज पोरगा मन भरून बोलला." वास्तविक बोलले मी होते. पण मला तो दिवस पुढे कितीतरी दिवस पुरला. वाईट वाटायला लागलं की मी तो शुक्रवार काढून बघायचे, जसं कुणी कपाटातली चांगली साडी काढून बघतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो परत आला. करार संपला म्हणाला. जरा वाळला होता. "शिडीवरून पडलो होतो, पाठ भरली होती. आता ठीक हाय." आम्ही ते खरं धरून चाललो. सुखरूप आलेल्या माणसाला कोण उलटतपासणी करतं?

पुढे ती दोघं लातूरला राहायला गेली. मामीचं माहेर तिथलं. त्याने मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान टाकलं. नांदेडला आला की मला काही काही दिसायचं. तो जेवायला खाली बसत नव्हता. "बसून बसून कंटाळा येतो," म्हणायचा; दिवसभर तर उभाच असायचा. विहारात सगळे मांडी घालून वंदनेला बसायचे आणि हा दाराच्या चौकटीला टेकून हात जोडायचा. खोलीत आला की अशी जागा शोधायचा की सगळे त्याच्या उजव्या हाताला येतील. फोन तर कायम स्पीकरवर.

त्या स्पीकरनेच सगळं सांगितलं. एका दुपारी तो आमच्याकडे असताना त्याच्या केरळच्या मित्राचा फोन आला. तळावर दोघं बरोबर होते. आजोबा शेंगा फोडत बसले होते, मी पेपर वाचत होते. मित्र मोठ्याने बोलणारा. "भाई, तेरा कान कैसा है? और कमर? मेरा तो उस रॉकेट के बाद आज तक सीटी बजती है!"

मामाने फोन बंद करायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. आजोबांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"शिडीवरून कुठं पडला म्हणला तू?"

"यार्डात."

"अन् रॉकेट?"

"शिडीजवळ."

आजोबांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाले, "बरं झालं, शिडी तरी खरी होती."

मी उठले. आत जाऊन पाणी प्याले, आणि परत येऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून हळू आवाजात त्याला हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. जो मुलगा रस्त्यावरच्या जनरेटरचं दुखणं ऐकायचा, त्याला आईची हाक ऐकू आली नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तुमच्याबरोबर त्यालाही कळेल.

मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेचा एक जुना कायदा आहे. त्यांच्या लष्कराच्या परदेशातल्या तळांवर काम करताना बिगरलष्करी कामगाराला इजा झाली, तर त्याचा दवाखाना आणि बुडालेली मजुरी त्या कंपनीच्या विम्यातून द्यावी लागते. कामगार कोणत्या देशाचा, हे तो कायदा विचारत नाही. केरळच्या मित्राने दावा केला होता आणि त्याचे उपचार चालू होते. मामाच्या मणक्याला ऑपरेशन लागेल असं लातूरच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, आणि तेही त्याने लपवलं होतं. ऑपरेशन नाही झालं तर हळूहळू डावा पाय जाईल, हे मामीने मला त्या दिवशी रडत फोनवर सांगितलं. दावा दाखल करायची मुदतही संपत आली होती.

मामा तयार नव्हता. "पगार दिला त्यांनी. विमानाचं तिकीट दिलं. आता काय भांडायचं?"

"भांडण न्हाई रं," आजोबा म्हणाले. "वर्कशॉपात प्रेसखाली बोट गेलं तर आम्ही भीक मागत नव्हतो. तो हक्क हाय. तुझी पाठ काय देवळातल्या दानपेटीत टाकली का?"

शेवटी मित्राच्या वकीलबाईंनी काम घेतलं. त्या अमेरिकेत. त्यांची फी आपल्याकडून घ्यायची नसते, जिंकलं तर पलीकडच्यांनी द्यायची. त्यांच्याशी बोलण्याचं काम माझं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, ते निवृत्तीनंतर असं कामाला आलं. मी कागद तारखेप्रमाणे लावले, एक्स-रे वेगळ्या पाकिटात ठेवले. वकीलबाई म्हणाल्या, इतकी नीट फाइल त्यांना कुणी पाठवली नव्हती. मला बरं वाटलं. मला वाटलं, आता होईल.

मग विमा कंपनीने त्यांच्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावलं. हैदराबादला. मी बरोबर गेले. रिक्षातून उतरलो तर मामाने माझी बॅग माझ्या हातातून काढून घेतली. त्याची खांद्यावर, माझी हातात, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढला. मी म्हटलं, "अरे, ठेव, मी घेते." तो म्हणाला, "लोकं बघून राहिले, आई." चारचौघांत आई ओझं घेऊन चालते आणि मुलगा मोकळा, हे त्याला जमणारं नव्हतं. डॉक्टर शिष्टाचाराचे होते. त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, "कैसे हो?" हा म्हणाला, "ठीक हूँ साहब, आपकी दुआ है." वाकायला सांगितलं तर दात आवळून वाकला. दुखतं का? "थोडाबहुत. चलता है."

घरी येऊन तो आठवडाभर अंथरुणावर होता. आणि डॉक्टरांचा अहवाल गेला: प्रकृती चांगली आहे, रुग्ण स्वतः तसं सांगतो, दोन बॅगा घेऊन पायऱ्या चढतो. त्याला तळावरच्या दवाखान्याची नोंदही जोडली होती. रॉकेट पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे लिहिलेलं होतं: विचारलं असता ठीक असल्याचं सांगितलं. विमा कंपनीने ऑपरेशन नाकारलं.

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा त्या चिडल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. "तो ठीक नाही, मग ठीक आहे असं का म्हणतो?" मी त्यांना इंग्रजीत समजवायला लागले, आणि मला शब्द मिळेनात. कसं सांगायचं की आमच्याकडे कुणी 'कसं काय' विचारलं तर ती चौकशी नसते, ती रामराम-जयभीमच्या पुढची पायरी असते? समोरच्याने विचारलं यातच माणूस आभारी होतो. वर आपलं दुखणं त्याच्या पदरात घालणं म्हणजे अजागळपणा. आणि मला माझा वर्ग आठवला. पाचवीची पोरं बाकांपाशी उभी राहून एका सुरात ओरडायची: हाऊ आर यू, आय ॲम फाइन, थँक यू. सगळ्या पोरांना तेच. त्यात एखादं सकाळपासून उपाशी असायचं, तेही फाइनच.

वकीलबाईंनी सांगितलं, आता एकच रस्ता आहे. त्याची जबानी व्हायची होती. व्हिडिओवर, शपथेवर, पलीकडचे वकील प्रश्न विचारणार. त्याने खोटं बोलायचं नाही, वाढवून सांगायचं नाही. फक्त लपवायचं नाही. जे होतं ते होतं म्हणून सांगायचं. तेवढं जमलं तर ऑपरेशन, नाहीतर पाय.

आजोबांनी त्याची तालीम घ्यायचं ठरवलं. चष्मा नाकावर आणला आणि साहेब झाले.

"काय राव, कसं काय?"

"बरं हाय."

"झालं! हरला. परत. काय राव, पाठ कशी हाय?"

"ठीक... म्हणजे, दुखती."

"किती?"

"थोडी."

"थोडी? मग मला दळण आणून दे बरं गिरणीतून."

मामा लगेच पायात चप्पल घालायला लागला. आजोबांनी कपाळावर हात मारला. "मॅडम, तुमचं पोरगं खटला हरून वर दळण बी आणतंय."

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कुणीच हसेना.

जबानी लातूरला त्याच्या घरी होती, कारण तिथलं इंटरनेट बरं. आजोबांना ताप होता, म्हणून मी एकटी एसटीने गेले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं. खिडकीतून पाहताना मला सारखं वाटत होतं की मी त्याच्यासाठी बोलू शकले तर किती सोपं होईल. मला त्यांची भाषा येते. मी क्रमाने, मुद्देसूद सांगितलं असतं. पण आईला दुभाषी होता येत नाही. त्यांनी मुंबईहून एक दुभाषी बाई दिल्या होत्या, त्याही लॅपटॉपवरच होत्या. खोलीत दुसरं कुणी नको, असाही नियम होता.

पण त्यांचं घर दोन खोल्यांचं. मधे दार नाही, पडदा आहे. मी आणि मामी स्वयंपाकघरात पाटावर बसलो. संध्याकाळ होती. गॅसवर काही ठेवलं नाही, आवाज नको म्हणून. पलीकडचे वकील गोड बोलणारे होते. आधी नाव-गाव झालं, शपथ झाली. मग त्यांनी विचारलं, आज तुम्ही कसे आहात?

"ठीक आहे," मामा म्हणाला.

मामीने माझा हात धरला. "झालं, आत्याबाई," ती पुटपुटली.

मग तळावर काय काम करायचात, ते झालं. मग त्या दिवशीचं आलं. पडद्याच्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती. तो उभाच होता, लॅपटॉप डब्यावर डबा रचून उंच ठेवला होता. स्फोटानंतर तुम्हाला काय झालं? दुभाषीबाईंनी प्रश्न पुन्हा सांगितला. त्याची मान थोडी वळली. पडद्याकडे, आमच्याकडे. आणि तो म्हणाला, "विशेष काही न्हाई. पडलो."

तेव्हा मला कळलं. त्याला अमेरिकेची भीती नव्हती, वकिलाची नव्हती. पडद्यामागे आई बसली होती. मी परगावाहून आलेली आई, आणि ती असताना तो दुखणं सांगणार नव्हता. माझ्या सासूबाईंनी मला शिकवलेलं तो मला परत करत होता.

मी उठले. मागच्या दाराने जाताना मुद्दाम कडी वाजवली, म्हणजे त्याला उजव्या कानाने ऐकू जावं. मामीला खूण केली, तीही आली. समोर एका म्हाताऱ्या बाईंचं घर होतं, त्यांच्या ओट्यावर आम्ही जाऊन बसलो. त्या लसूण सोलत होत्या. "घरात जागा न्हाई का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पोरगा फोनवर बोलतोय." त्या म्हणाल्या, "अगं बाई, एवढं खाजगी?" आणि आमच्या हातात लसणाचे गड्डे दिले.

मी लसूण सोलत बसले. ज्या मुलाचं एकेक वाक्य ऐकायला मी वर्षानुवर्षं शुक्रवारची वाट पाहिली, तो समोरच्या घरात आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलत होता, आणि मला ते ऐकू येणार नाही इतक्या लांब मी येऊन बसले होते. त्याच्यासाठी मी इतकी कधीच झुरले नव्हते. तो अफगाणिस्तानात होता तेव्हाही नाही.

अंधार पडला, दिवे लागले. मामी एकदा जाऊन दाराशी उभी राहिली आणि पळत परत आली. "आत्याबाई, बोलून राहिले. लई बोलून राहिले."

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. चेहरा धुतलेला होता. लसूणवाल्या बाई म्हणाल्या, "झालं का रं तुझं खाजगी?" तो हसला नाही. माझ्यापुढे येऊन उभा राहिला, कारण त्याला बसता येत नव्हतं.

"आई, त्यांना सगळं सांगितलं. आता तुला सांगतो."

"सांग."

"तुला तो शुक्रवार आठवतो? लिंबाचं विचारलो होतो, तो?"

मी मान हलवली.

"रॉकेट आदल्या दिवशी पडलं होतं. मी दवाखान्यात पालथा पडलो होतो. कानात नुसता आवाज, जनरेटर चालू असल्यासारखा, बंदच होईना. मला वाटलं, आता जातो का काय. उजव्या कानाला फोन लावला. तू बोलायली की तो आवाज मागं जायचा. तू थांबली की परत यायचा. म्हणून म्हणत होतो, अजून सांग."

माझ्या मांडीवर लसणाची टरफलं होती. मी ती एकेक वेचून मुठीत घेतली. शेवटी म्हटलं, "मग फोन का ठेवलास?"

"चार्जिंग संपली," तो म्हणाला. आणि तेव्हा आम्ही दोघंही रडलो, आणि त्या बाईंनी मामीला विचारलं, कोण वारलं?

जबानीनंतर काही महिन्यांनी विमा कंपनीने उपचार मान्य केले. हैदराबादला ऑपरेशन झालं. पाय वाचला. आता तो खुर्चीवर बसून एक जेवण पुरं करतो. तुम्ही आलात तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं. पुढच्या वेळी तुम्हाला घोडा मिळणार नाही. कान काही परत आला नाही. रस्त्यावर जनरेटर दिसला की तो अजून थांबतो, फक्त आता उजवा कान तिकडे करून उभा राहतो.

शुक्रवारचा फोन त्याने चालू ठेवला आहे, लातूरहून. परवा म्हणाला, "आई, आज कंबर लई दुखून राहिली." मी स्वयंपाक सोडून खाली बसले आणि सगळं ऐकलं. आजोबांनी विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, दुखतंय म्हणतो. ते म्हणाले, "वा!"

आणि आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या रविवारी थोरलीने फोन केला. एरवी तिचं बोलणं दोन मिनिटांत संपतं, मग ती फोन धाकट्याकडे देते. या रविवारी तिने दिला नाही. लिंबोणीला लिंबं आली का, विचारलं. मी म्हटलं, आली. मग शेजारची मांजर. मग गच्चीवरचे पापड. मी म्हटलं, तू कशी आहेस? तर म्हणाली, "ठीक आहे, आजी. अजून सांग ना." मी सांगत गेले. मला इतकं बरं वाटत होतं. फोन ठेवला, आजोबांना सांगायला तोंड उघडलं, आणि सांगू शकले नाही.

बाळ, तुझ्याकडे काही झालं असेल किंवा काहीच झालं नसेल. माझ्याकडे तुझ्या घरी यायचा व्हिसा नाही, आणि ऐकलं तर कदाचित माझं जेवण जाणार नाही. नाही गेलं तर नाही. या रविवारी मी फोनजवळ बसलेली असेन. लिंबोणीचं मी तुला नंतर सांगेन. आधी तू सांग.